नंबराचा ठसा

‘ठसा उमटलाच नाही. पुन्हा घ्या,’ सीमेवरच्या साहेबांनी कागद परत सरकवला. परदेशी गाडीच्या तात्पुरत्या परवान्याला चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, कोरलेल्या नंबराचा पेन्सिलने घासलेला ठसा लागे. गाडी घेऊन आलेल्या रंगाऱ्याने कपाळावर हात मारला. आईला पलीकडच्या इस्पितळात न्यायचं, जुनाट गाडी सीमेवर अडवायला नको म्हणून त्याने गाडी चॅसिससकट रंगवली होती. नंबर त्यातच बुजला. ‘खरवडू का?’ ‘खरवडलेला नंबर म्हणजे चोरीची गाडी. जप्त होईल.’ मागच्या सीटवर आईच्या ऑक्सिजन सिलिंडरचा काटा लाल पट्टीत शिरला. ‘माझा नंबर लागायच्या आत आटप रे,’ आई धापा टाकत हसली. रंग विरघळवणाऱ्या थिनरचा बोळा त्याने देवाची मूर्ती पुसावी तसा हळुवार फिरवला. आकडे दिसले. साहेबांनी नवा ठसा जुळवला, परवाना दिला नि बजावलं, ‘जाताना दोघं, येतानाही दोघंच हवीत.’ त्याने आरशात पाहिलं; आईचे ओठ निळावले होते. ‘तुमच्या तोंडात साखर पडो, साहेब!’