ताऱ्याचं लोखंड

तिसऱ्या दिवशी बाबांच्या अस्थी सावडताना स्मशानातल्या माणसाने राखेतून स्टीलची पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. “मांडीत बसवलेली असणार. ही जळत नाही, ताई.”

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. लहानपणी माझं रक्त कमी, म्हणून रोज जेवणानंतर लोहाची गोळी द्यायचे. “एक तारा मेला, त्याने मागे ठेवलेलं लोखंड आहे हे. वाया घालवू नकोस.” मी ती गुपचूप कोरफडीच्या कुंडीत पुरायचे.

घरी आल्यावर आईने माझ्यासमोर एक बरणी ठेवली. आत मातकट गोळ्या होत्या, गळ्यापर्यंत.

“तुझी पाठ वळली की बाबा उकरून काढायचे. म्हणायचे, मागेल कधीतरी.”

मी एक गोळी गिळली. मुठीतली पट्टी हाताच्या उबेने गरम झाली होती.