सेल्फ लागत नाही

धाकट्याने क्लच ओढून हिरवं बटण दाबलं आणि गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली. त्याने चिडून ती बंद केली. पुन्हा दाबलं. पुन्हा सुरू.

"घरात शहाणी आणि शर्यतीत वेडी," तो गाडीला म्हणाला. "माझ्याच जिवावर उठलीयस."

दगडाधोंड्यांतून, चढणींवरून पळवायची ती उंच गाडी त्याच्या थोरल्या भावाची. तिला किक नव्हतीच. सेल्फ लागला तर लागला, नाहीतर ढकला. गेल्या शर्यतीत ती चढणीवर बंद पडली ती पडलीच. दादाने अंगठा दुखेपर्यंत बटण दाबलं, मग सगळ्यांदेखत हेल्मेट जमिनीवर आपटलं. "सख्खा भाऊ मेकॅनिक, आणि ही तऱ्हा!" तेवढं पुरलं. ज्याला घरची गाडी चालू ठेवता येत नाही, त्याच्याकडे आपली कोण टाकणार? शेडमध्ये उभ्या असायच्या त्या गाड्या एकेक करून निघून गेल्या. आता ही एकच उरली होती, आणि उद्या पुन्हा शर्यत होती.

त्याने करायचं काही ठेवलं नव्हतं. बॅटरी नवी घातली, रिले नवा घातला, मोटर खोलून साफ केली. फ्यूज, अर्थिंगची वायर, सगळं मीटर लावून पाहिलं. राहिला होता क्लचच्या मुठीजवळचा बारका स्विच. या गाडीचा सेल्फ क्लच ओढल्याशिवाय लागत नाही. अंगठा बटणावर ठेवून तो क्लच हळूहळू ओढू लागला. अर्धा ओढला, गाडी गप्प. आणखी ओढला; गप्प. मुठीला टेकला तेव्हा कुठे इंजिन गुरगुरलं. यात बिघाड कसला? गाडी बनवलीच होती तशी.

वहिनी चहा घेऊन आली.

"वहिनी, जरा या इकडे. हा क्लच ओढून धरा आणि ते बटण दाबा."

"मला नाही बाई जमायचं."

"जमेल हो. पूर्ण ओढा मात्र."

वहिनीने ओढला, दाबलं. गाडी सुरू झाली तशी ती दचकून मागे सरली. मग क्लचकडेच बघत राहिली.

"इतका ओढावा लागतो हा?"

"शेवटपर्यंत. चालती गाडी अर्ध्या क्लचवरही रेटता येते. बंद पडली, की मात्र..." तो बोलता बोलता थांबला. वहिनीचा चेहरा उतरला होता.

"गेल्या वर्षी पडले ना, तेव्हापासून डाव्या हाताची मूठ वळत नाही त्यांची," ती म्हणाली. "शर्टाची बटणंसुद्धा मी लावते. मला वाटलंच होतं भावोजी, गाडीत काही नसणार."

"वाटलं होतं, आणि बोलला नाहीत?"

"आईंनी बोलू दिलं नाही. हात गेला हे कळलं तर तो खचेल, म्हणाल्या. माणसाला कशावर तरी चिडायला तर हवं. गाडीवर चिडले, तुमच्यावर चिडले, तेवढ्यापुरते बरे राहिले."

"आणि माझं काय?"

"तुम्ही घरचे," वहिनी हळूच म्हणाली. "आई म्हणाल्या, धाकटा समजूतदार आहे."

चहावर साय धरली. धाकट्याने स्विचच्या दोन वायरी बाहेर ओढल्या आणि सोलल्या. दोन्ही एकत्र पिळल्या की झालं. मग क्लच ओढा, न ओढा, अंगठा लावला की गाडी सुरू. उद्या ती सगळ्यांदेखत सुरू झाली असती आणि त्याच्या गाड्या त्याच्याकडे परत आल्या असत्या. फक्त गिअर पडलेला असताना दादाने बटण दाबलं असतं, तर तिने उडी मारली असती. चढण अरुंद होती आणि एका बाजूला दरी.

त्याने पक्कड खाली ठेवली.

तेवढ्यात दादा आत आला. "सापडलं का रे काही?"

"सापडलं. दादा, डावा हात दे. दाब बरं माझा."

"भावोजी..." वहिनी पुटपुटली.

"पंजा लढवायचाय? आता?" दादा हसला, पण त्याने हात दिला. ओठ आवळले. मानेची शीर तट्ट फुगली, कपाळावर घाम आला. धाकट्याला बोटांवर नुसती ऊब जाणवली.

"दुखलं का?" दादाने विचारलं. आता तो हसत नव्हता.

'बिघाड गाडीत नाही, तुझ्या हातात आहे' हे धाकट्याचं वाक्य तयार होतं. मघापासून त्याने ते मनात दोनदा म्हणून पाहिलं होतं.

"दुखलं," तो म्हणाला.

"बघितलंस?" दादा बायकोकडे वळला. "म्हणे डॉक्टरला दाखवा." मग हात खिशात घालून त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. "हं. आता हिचं सांग."

"मोटर जळलीय. उद्या नाही निघणार गाडी."

वहिनीने डोळे मिटून घेतले. धाकटा पाना घेऊन खाली बसला आणि चांगल्या मोटरचे बोल्ट सोडवू लागला. दादा कितीतरी वेळ त्याच्या डोक्याशी उभा राहून बघत होता.

"राग मानू नकोस," तो अखेर म्हणाला, "पण तुझ्या हातालाच यश नाही रे."