जाळरेषा

"झोडपा!" बायको ओरडत होती. आम्ही टेकडीवरचा वणवा ओल्या डहाळ्यांनी झोडपत होतो, पण तो ऐकतोय कसला! आम्हीच लावलेली रोपं आता जाणार, हे दिसत होतं.

दिवाळीपासून दर रविवारी ती मला श्रमदानाला ओढून आणायची. रोपांभोवतीचं गवत काढून उघड्या मातीचा पट्टा करायचा. त्याला म्हणे जाळरेषा. "आग रेषा बघून थांबते होय?" मी कुरकुरायचो.

वणवा पट्ट्याशी आला. खायला काही सापडेना, तसा तिथंच निमाला.

धूर विरला. बायकोनं माझा हात धरला. रोपांमध्ये ससा धापा टाकत बसला होता. शेजारी मुंगूस. पलीकडे पिल्लांसकट तित्तर. कुणी कुणाला घाबरत नव्हतं, आम्हालाही नाही.

"पुढच्या रविवारी," मी हळूच म्हणालो, "पट्टा जरा रुंद करू."