सांधणी

आज पोरीला हाताला धरून घरी आणायचंच, असं ठरवून टिकाराम हातमाग सोडून उठला आणि तडक शाळेपाशी आला. आला खरा, पण कुंपणाशीच अडखळला. अंगात खळीचे डाग पडलेली बंडी, केसांत सुताची कुसं. या अवतारात मास्तरणीपुढं जायचं कसं? विणकराचा जन्म मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसण्यात जातो. चार माणसांत उभं राहून बोलायची वेळ आली, की त्याची बोबडी वळते.

शाळा सुटल्यावरचा वर्ग व्हरांड्यात भरायचा. सहावी ते आठवीची पोरं, आणि त्यांना शिकवणारी संस्थेची रीतादीदी, लाखनीकडची. अभ्यास, गोष्टी, गाणी, तिथं काय काय चालायचं. टिकारामचं वर्गाशी काही वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते वेळेशी. नव्या ताण्याची, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांची, सांधणी उजेड असतानाच करावी लागते, आणि शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा तेवढाच उजेड त्याची पोरगी करुणा वर्गाला देऊन बसली होती.

सांधणी म्हणजे डोळ्यांत तेल घालून करायचं काम. मागाच्या फणीतून मागे आलेलं जुन्या ताण्याचं एकेक टोक धरायचं आणि बोटाला राख लावून नव्या धाग्याशी पिळून जोडायचं. टिकारामच्या डोळ्यांनी कधीच रजा घेतली होती, त्याच्या बायकोच्या, कौशल्याबाईच्या, बोटांनीही. घरात ते जमायचं एकट्या करुणाला. नवा कोसा, टसरचं रेशीम, येऊन पडला होता आणि माग मुका बसला होता.

व्हरांड्यात करुणाच उभी होती. हातात कागद धरून ती सगळ्यांपुढं काहीतरी बोलत होती. घरात हूं की चूं न करणारी पोरगी! टिकाराम बघतच राहिला. शब्द काही कुंपणापर्यंत पोचत नव्हते. मधेच ती थांबली, पुन्हा बोलू लागली. मग पोरांनी टाळ्या वाजवल्या. दीदीनं करुणाला जवळ घेतलं आणि ओढणीनं स्वतःचे डोळे पुसले.

टिकारामचा ऊर भरून आला. आपल्या पोरीचा सत्कार होतो आहे, आणि आपण तिला ओढून न्यायला आलो! त्याला स्वतःचीच लाज वाटली. करुणाची नजर वळायच्या आत तो माघारी फिरला.

घरी येऊन त्यानं कात्री घेतली आणि मागाशी बसला.

विणलेलं कापड उतरवलं तरी जुना ताणा वीतभर फणीत राहू द्यायचा, ही कोष्टीपुऱ्याची रीत. चूल विझली तरी चालेल, फणी रिकामी ठेवू नये, असं टिकारामचा बाप म्हणायचा. फणी रिकामी करायची ती माग मोडतानाच.

कात्रीचा आवाज ऐकून कौशल्याबाई स्वयंपाकघरातून धावत आली. "अजी, हे काय करून राहिले तुमी?"

"कापून राहिलो."

"ते तं दिसते. गावात फनी ओवनारा एकच म्हातारा होता, तो बी गेला ना जी. आता पुन्हा कोन ओवन?"

"कोनी नाही ओवायची. तिकडं पोरीचा सत्कार करून राहिले लोकं, अन् आपन तिले इथं राख लावून बसवाची? मी जातो शेजारच्या सेवकरामसंगं राईस मिलमधी कामाले."

"अन् माग?"

"माग माह्या संगं सरला. तिच्या गळ्यात कायले बांधू?"

कौशल्याबाई उंबऱ्यावर मटकन बसली आणि पदर तोंडात कोंबून रडू लागली. टिकारामनं तिच्याकडं पाहिलं नाही. शेवटचा झुपका कापून त्यानं फणीतून धागे ओढून काढले. मन मात्र हलकं झालं. आयुष्यात एक तरी काम आपण पोरीसाठी धड केलं, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात करुणा आली. डोळे सुजलेले. दप्तर खुंटीला लावून ती चुलीपाशी गेली, राखेत बोटं घोळवली आणि सरळ मागाच्या मागच्या बाजूला आपल्या जागेवर जाऊन बसली.

"बाबा, वर्ग बंद झाला," ती खाली मान घालूनच म्हणाली. "संस्थेचं काम सरलं म्हनते. दीदी उद्या चालली आपल्या गावाले. आज आमी तिले निरोप देला."

कापलेले धागे टिकारामच्या मांडीवर पडले होते.

"मलेच भाषन कराले लावलं," ती म्हणाली. तिनं नाक ओढलं. "जाऊ द्या. आता रोज सांजचा वेळ आपलाच हाये. तुमचं काम माह्यामुळंच अडलं होतं ना? आना नवा ताना, मी सांधून देतो."

उजेड कमी झाला होता. करुणानं राखेची बोटं पुढं केली. ती फणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपडत गेली, आणि परत आली.

"बाबा," तिनं विचारलं, "जुनी टोकं कुठी हायेत?"