दुपारचा तास

चहाचे कप बाजूला सारून आईनं पाटी पुढे ओढली. "शब्द घाल."

"आई, आज नको ना."

"मग कधी? घाल."

बाबांचं तेरावं कालच झालं होतं. निवृत्तीनंतर इंग्रजीच्या या मास्तरांना आई ही एकच विद्यार्थिनी उरली होती, आणि चहानंतरचा हा तास त्यांनी आजारपणातही चुकवला नाही. मला मात्र नुसतं पडून राहायचं होतं.

"मेक. त्याला आयएनजी लाव," मी म्हटलं.

हा शब्द आई हमखास चुकायची. मेकमधला शेवटचा ई तसाच ठेवायची. मग बाबा कपाळाला हात लावायचे आणि रंगात यायचे, "अगं, दारात आयएनजी आलाय. ई उठून त्याला जागा देतो!" वर्षानुवर्षं हेच.

आईनं न थांबता मेकिंग बरोबर लिहिलं.

"तुला येतं हे?"

"न यायला काय झालं? पहिल्याच आठवड्यात आलं." तिनं पदरानं पाटी पुसली. "पण समजावून सांगायला मिळालं, की त्या रात्री ह्यांना चार घास जास्त जायचे."

मला पुढचा शब्द सुचेना. सकाळपासून पोटातही चहाशिवाय काही गेलं नव्हतं. आई माझ्याकडे बघत राहिली.

"टेक," मी कसंबसं म्हटलं.

या वेळी आयएनजी लावताना तिनं ई तसाच ठेवला, आणि पाटी माझ्यापुढे सरकवून वाट बघत बसली.

"अगं आई," मी म्हटलं, "दारात आयएनजी आलाय..."