अजून दोन किलो

मुलगी काट्यावर चढायच्या आधी आईने तिच्या अंगातला स्वेटर काढून घेतला. मग कानातलेही. "तेवढंच कमी," आई म्हणाली.

आहारतज्ज्ञ बाईंनी वजन पाहिलं आणि उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, बीएमआय, काढला. सतरा. वर्षापूर्वी ही नोकरीला लागलेली पोरगी वजन उतरवायच्या या केंद्रात आली तेव्हा तो सत्तावीस होता. सहा महिन्यांत पाच-सहा किलो उतरव, जिने चढताना दम लागला नाही की झालं, असं बाईंनी तिला सांगितलं होतं. पण केंद्राच्या मालक डॉक्टरांनी आईला केबिनमध्ये बोलावून वीस किलोंचा वायदा केला. पोरीने पंचवीस उतरवून दाखवले.

काट्यावरून उतरताना तिने भिंत धरली. तिच्या बोटांची पेरं सोललेली होती. तोंडाला पेपरमिंटचा वास येत होता आणि त्याखाली ओकारीचा आंबूस वास. बाईंना आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

आईने लेकीचा गाल चिमटीत धरला. "हे गालच तेवढे भरलेले राहिलेत बघा, मॅडम. अजून दोन किलो गेले की बसतील."

"ते भरलेले नाहीत. सुजलेत."

"सुजलेत कशाने?"

"ही जेवते आणि ओकते. रोज."

मुलगी खाली बघत राहिली. आईने पटकन दाराकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. बाईंना शिसारी आली. माउलीला हे ठाऊक होतं.

तेवढ्यात डॉक्टर मोबाइल घेऊन आत आले. "वा, वा! हिचा फोटो आपण जाहिरातीत टाकू." त्यांनी पोरीला खांद्याला धरून उजेडाकडे वळवलं, मग पाठमोरं केलं, बाजारात जनावर फिरवून बघावं तसं. "गळ्याखालची हाडं काय सुरेख दिसतायत."

"फोटो काढू नका," बाई म्हणाल्या. "निर्देशांक साडेअठराच्या खाली गेला की ते कुपोषण असतं. हिला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्यायला हवं."

"मॅडम, लोक आपल्याकडे बारीक व्हायला येतात."

"ही झाली बारीक. आता मरायचीच राहिलीय."

"काहीतरी शुभ बोला हो," आई पुटपुटली.

डॉक्टरांनी बाईंकडे बघितलंसुद्धा नाही. मोबाइल आडवा धरून ते म्हणाले, "हनुवटी जरा वर."

या माणसाचं मीठ बाई सहा वर्षं खात होत्या. त्यांनी खुर्चीवरची पर्स उचलली, पुढे होऊन पोरीचं मनगट धरलं आणि तिला मोबाइलसमोरून बाजूला ओढलं. "चल. मी येते तुझ्याबरोबर." मनगट त्यांच्या मुठीत मावून वर जागा उरली.

आई मागून "अहो मॅडम, अहो" करत निघाली. तिघी बाहेरच्या खोलीत आल्या. बाकावर नंबर लावून बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या आणि पोरीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळू लागल्या. शेवटच्या बाईने तर वाटेत येऊन तिचा हात धरला.

"नशीबवान आहेस गं. काय केलंस ते मलाही सांग ना."

आणि आल्यापासून पहिल्यांदाच पोरगी हसली.