खसखशीची खीर

शेवटचा भोंगा वाजला आणि आसावरी टुणकन उभी राहिली. "आमची झुझाना! एक गोल जाऊ दिला नाही पोरीने!" असं ती एवढ्याने ओरडली की पुढच्या रांगेतल्या गोऱ्या आजोबांनी दचकून वळून पाहिलं. खाली बर्फावर स्लोव्हाकियाच्या मुली आपल्या गोलकीपरच्या अंगावर कोसळल्या होत्या. आता फक्त उद्याचा सामना. तो जिंकला की दुसऱ्या फळीतून सुटका, पुढच्या वर्षी थेट बड्या देशांशी गाठ.

झुझाना उतरली होती आसावरीकडेच. सगळ्या संघांना हॉटेलं कुठून परवडणार, म्हणून आयोजकांनी अमेरिकेतल्या या ट्रॉय गावातल्या घराघरांत मुली वाटून दिल्या होत्या. लेक इशिता याच बर्फाच्या रिंकवर आइस हॉकी शिकते, तेव्हा आसावरीने हौसेने हात वर केला. आठवडाभरात ती एकोणीस वर्षांची उंचच उंच पोर तिला "काकू" म्हणायलाही लागली होती.

तेवढ्यात लाल जाकीट घातलेली एक बाई बर्फाच्या कडेला आली आणि झुझानाला खांद्याला धरून घेऊन गेली.

"कुठे नेतायत गं तिला?"

"ड्रग टेस्ट, आई. कोणालाही पिक करतात. रिलॅक्स," इशिता म्हणाली.

तिच्या नवऱ्याने, संजयने, कॅमकॉर्डर बंद केला आणि हसला. "मी कंपनीत जॉइन व्हायच्या आधी माझी नव्हती का केली? एचआरवाली म्हणाली, आधी खसखस लावलेला तो बेगल पाव खाऊ नका. म्हटलं, खसखशीने काय होतंय? तर म्हणे अफूचंच बी ते, रिपोर्टमध्ये चक्क अफू दिसते! घ्या!"

आसावरी मटकन खाली बसली.

"संजय, मी तिला खीर दिली रे."

"कसली?"

"खसखशीचीच! जेट लॅगने झोप येत नव्हती पोरीला. परवा दिली, काल रात्रीही दिली. आई मला परीक्षेच्या दिवसांत द्यायची, तशी."

संजयचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोल. एवढ्याशा खसखशीने काही होत नाही."

"आत्ताच तर म्हणालास होतं!"

"हे बघ, कोणाला काही सांगायला जाऊ नकोस. आपलं ग्रीन कार्ड अजून लटकलंय. उद्या कोणी म्हणालं, या लोकांनी मुलीला अफू खायला घातली, तर? कुठे कुठे उत्तरं देत फिरणार आपण?"

"आणि तिचं काय?"

"टू इयर्स," इशिता हळूच म्हणाली. "दोन वर्षं बॅन करतात, बाबा. आणि टीमची ही मॅच पण जाईल कदाचित."

आसावरीने पर्स उचलली. संजयने तिचा कोट धरला, तो तिने हिसडा देऊन सोडवला.

जिना उतरताना ती स्वतःलाच बोल लावत होती. काय अवदसा आठवली मला! हळद घालून दूध दिलं असतं तर काय बिघडलं असतं? तिकडे त्या पोरीची आई फोनची वाट बघत बसली असेल, आणि इथे मी तिच्या लेकीचं वाटोळं करून ठेवलं. आसावरीला रडूच यायला लागलं.

तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर झुझाना बसली होती. लघवी होत नव्हती म्हणून तिला बाटलीवर बाटली पाणी पाजणं चाललं होतं. लाल जाकीटवाली दाराशी उभी.

"झुझाना, ती खीर! तिच्यात पॉपी सीड्स होत्या गं!" इतक्या वर्षांचं आसावरीचं इंग्रजी ऐन वेळी दगा देत होतं.

"माहीत आहे, काकू," झुझाना आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. "वासावरूनच कळलं. आमच्याकडे घरोघरी असते. आजी तर शेवयांवर ढीगभर घालते. पण कॅम्प सुरू झाला की आधी तेच बंद."

"मग खाल्लीस कशाला?"

झुझानाने मान खाली घातली. "नाही खाल्ली. बाथरूममध्ये ओतली. सॉरी."

आसावरीचा जीव भांड्यात पडला. ताटात चार शितं राहिली तरी इशितावर तोंड सोडणारी ती बाई भिंतीला टेकून हसायला लागली. "सॉरी काय गं वेडे! गुणाची माझी बाय ती! ओतलीस ना? फार छान केलंस. दोन्ही दिवस ओतलीस ना? सगळी?"

झुझानाने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं.

"परवा सगळी," ती म्हणाली. "काल तुम्ही माझ्या पलंगावर बसला होतात. मी नको म्हटलं, तर तुम्ही चमचा भरून माझ्या तोंडाशी आणलात. माझी आई आणते तसा. मी गिळला."

आसावरीला ते आत्ता आठवलं. एकच चमचा, माझ्यासाठी, असंही वर म्हणाली होती ती.

झुझाना उठली. "आता होईल," ती लाल जाकीटवालीला म्हणाली. बाईने दार उघडलं. आसावरी तिच्या मागोमाग निघाली, तसा बाईने हात आडवा घातला. आत फक्त खेळाडू.

"मला आत यायचं नाहीये," आसावरी म्हणाली. ती दारातून हलली नाही. "माझं नाव घ्या, पत्ता घ्या. त्या पोरीने काही खाल्लं नाही. मी भरवलं."